अर्जदारास हरवलेलीच ठेवण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
हरवले-सापडले विभाग,
किनारा व्यवस्थापन कार्यालय,
दक्षिण मनोऱ्याचा तळमजला.

विषय: अर्जदार सापडल्याचा आपला निर्णय रद्द करून तिला पुढील आदेश होईपर्यंत हरवलेली समजण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराच्या वडिलांच्या नावे आलेली आपली तीन स्मरणपत्रे.
२) आपण सापडलो आहोत असे सिद्ध करणारे अर्जदाराचे दोन अर्ज.
३) ते मान्य झाल्याचे आपले अभिनंदनपर पत्र.

महोदय,

आपला वेळ मोलाचा आहे याची अर्जदारास जाणीव आहे. परंतु प्रकरण थोडक्यात सांगितले तर ते खोटे वाटते, हा तिचा आजवरचा अनुभव आहे. म्हणून घडले तसे सविस्तर सादर करीत आहे.

१. चौदा नोव्हेंबर रोजी अर्जदार (वय चव्वेचाळीस, ग्रंथपाल) आणि तिचे वडील (वय शहात्तर, निवृत्त वजनमापे निरीक्षक, अर्जदाराच्या घरी वास्तव्यास) हे बेचाळीस जणांच्या सहलीबरोबर आपल्या किनाऱ्यावर आले. किनारा जगप्रसिद्ध असल्यामुळे वाळू फारशी दिसली नाही. दिसेल तिथे कोणाचा तरी टॉवेल होता. वडील पायांत मोजे व बूट घालून वाळूत उतरले. "बाबा, निदान इथे तरी बूट काढा," असे अर्जदाराने सुचवले असता, "मी तपासणीला कधी अनवाणी गेलेलो नाही," असे उत्तर मिळाले. आपण सहलीला आलो आहोत, तपासणीला नाही, हे अर्जदाराने त्यांना सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही, हे पुढील हकिगतीवरून दिसून येईल.

२. किनाऱ्यावरील छत्रीवाल्या बाईंकडून एक छत्री व दोन खुर्च्या भाड्याने घेतल्या. अर्जदार पुस्तक उघडून बसली. वडिलांनी काठीने सावलीभोवती वाळूत रेघ ओढली. अर्ध्या तासाने दुसरी ओढली. दुपारी एकपर्यंत अशा पाच रेघा झाल्या आणि सावली पूर्णपणे शेजारच्या गृहस्थांच्या अंगावर गेली. हे गृहस्थ कुठल्यातरी थंड मुलखातून खास ऊन खाण्यासाठी आले होते व अंगाला तेल चोपडून पालथे पडले होते. ज्यांना ऊन हवे त्यांना सावली आणि ज्यांना सावली हवी त्यांना ऊन, असा हा प्रकार होता. वडिलांनी त्यांना जागेची अदलाबदल सुचवली. परंतु हा म्हातारा काहीतरी विकतो आहे अशा समजुतीने त्या गृहस्थांनी डोळे न उघडताच "नको, नको" म्हटले. तेव्हा वडील उठले. "माप कमी भरतंय," एवढेच बोलले आणि छत्रीवाल्या बाईंकडे गेले. "छत्री देता ते ठीक आहे, पण सावली किती वाजेपर्यंतची देता?" या त्यांच्या प्रश्नावर, "आजोबा, ते सूर्याला विचारा, मी फक्त दांडा रोवते," असे उत्तर बाईंनी दिल्याचे नंतर समजले. त्यावर वडिलांनी वरिष्ठांचे कार्यालय कुठे आहे ते विचारून घेतले व ते दक्षिण मनोऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, निघाले.

३. मनोऱ्यापाशी पोचल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले. एकाच रंगाच्या अंदाजे चारशे छत्र्या दिसल्या. त्यांच्या मते स्वतः ते कुठे आहेत हे त्यांना पक्के ठाऊक होते; ठाऊक नव्हते ते अर्जदार कुठे आहे. सबब हरवली ती अर्जदारच, असा निष्कर्ष काढून त्यांनी सावलीची तक्रार बाजूला ठेवली आणि मुलगी हरवल्याची नोंद केली. आपल्या नोंदवहीत "मुलगी, वय चव्वेचाळीस" असे स्पष्ट लिहिलेले असूनही, आपल्या जीवरक्षकांनी पहिला पाऊण तास पाण्याच्या कडेने बादली-फावडे घेऊन खेळणाऱ्या मुलींमध्ये शोध घेतला. याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. चव्वेचाळीस वर्षांची मुलगी हरवू शकते, हे पटायला वेळ लागतोच.

४. इकडे अर्जदाराने पुस्तकातून मान वर काढली तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती व तिच्यावर वडिलांचा चष्म्याचा डबा होता. ती जवळच्या, म्हणजे उत्तर मनोऱ्यावर गेली.

येथे आपल्या कार्यपद्धतीचा उल्लेख करणे भाग आहे, कारण हा अर्ज तिच्यावरच उभा आहे. इतर किनाऱ्यांवर हरवलेल्या माणसाचे नाव कोणीतरी कर्मचारी वाचून दाखवतो. आपल्याकडे मात्र नातेवाइकाने स्वतः मनोऱ्यावर चढून, आपल्या आवाजात, आपल्या भाषेत पुकारा करायचा असतो. गर्दीत माणूस नाव ओळखत नाही, घरचा आवाज ओळखतो, असे कारण मनोऱ्यावरील फलकावर दिलेले आहे. वेळेची मर्यादा तीस सेकंद. शिवाय, हरवलेली व्यक्ती आली की तिने त्याच ध्वनिक्षेपकावरून प्रतिसाद द्यायचा, म्हणजे शोधणारा जिथे असेल तिथे निश्चिंत होतो. अर्जदारास ही पद्धत अतिशय शहाणपणाची वाटते. फक्त त्या दिवशी तिला ती लाजिरवाणी वाटली. सगळा किनारा ऐकणार, सहलीतली माणसे ऐकणार, म्हणून तिने घाईघाईने पुकारले: "बाबा, नारिंगी टोपी, पांढरा सदरा. जिथे असाल तिथून परत या. बस सुटतेय, सगळे खोळंबलेत." एकूण नऊ सेकंद.

५. नारिंगी टोप्या सहलीतल्या बेचाळीसही जणांना वाटलेल्या होत्या. त्यामुळे पुढील तासाभरात आपल्या जीवरक्षकांनी उत्तर मनोऱ्यावर एकामागून एक सात वृद्ध गृहस्थ आणून उभे केले. पैकी सहा जण चिडले. सातवे चिडले नाहीत. "माझे घरचे मला शोधत नाहीयेत, मी तुमच्याकडे येऊ का?" असे त्यांनी विचारले आणि जेवणाची वेळ कोणती तेही विचारून ठेवले. त्यांना परत पाठवताना अर्जदारास वाईट वाटले.

मग दोन्ही मनोऱ्यांचे आपापसांत बोलणे झाले. अर्जदारास दक्षिणेकडे जायला सांगण्यात आले आणि त्याच वेळी वडिलांना उत्तरेकडे. ती पोचली तेव्हा ते निघून गेले होते. ते परतले तेव्हा ती निघून गेली होती. असे तीन वेळा झाले. शेवटी उत्तरेच्या जीवरक्षकाने तिला दटावले, "बाई, हरवलेल्या माणसानं एका जागी थांबायचं असतं." त्यावर अर्जदाराने आपण हरवलेलो नसून शोधणारे आहोत असे सांगितले. "सगळे हेच म्हणतात," असे तो म्हणाला.

या धावपळीत दक्षिणेकडून वाऱ्याबरोबर एक आवाज येत होता. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. शब्द कळत नव्हते. कोणीतरी बराच वेळ बोलत होते. अर्जदाराने लक्ष दिले नाही.

६. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वडील सहलीच्या बसच्या पायरीवर बसलेले आढळले. पुढील संभाषण सर्वांसमक्ष झाले असून सहलीतले उरलेले चाळीस जण साक्षीदार आहेत.

"अगं, किती शोधलं तुला! कुठे हरवली होतीस?"

"मी? बाबा, हरवला होता तुम्ही."

"मी हरवलो असतो तर मला कळलं नसतं का?"

यावर बसमध्ये हात वर करून मत घेण्यात आले. अर्जदाराच्या बाजूने दोन मते पडली. त्यांतले एक चालकाचे होते व तो सहलीचा सदस्य नसल्याने ते बाद झाले. अर्जदाराने वडिलांना हळूच विचारले, "मनोऱ्यावर माझ्याबद्दल काय सांगितलंत?" ते म्हणाले, "खरं ते." "म्हणजे काय?" "तू ऐकलं नाहीस? मग आता पुन्हा कोण सांगत बसणार," असे म्हणून त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि हॉटेल येईपर्यंत झोप काढली. संध्याकाळी त्यांनी भरपूर जेवण केले, बुटांतली वाळू कुंडीत झटकली आणि कुंडीचे माप चुकले असल्याचे व्यवस्थापकास सांगितले.

७. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. अर्जदार याविषयी अधिक लिहू इच्छित नाही. त्या बाबीचा आपल्या कार्यालयाशी संबंध नाही.

८. बसच्या घाईत दोन्ही नोंदी तशाच राहिल्या होत्या. डिसेंबरात आपले पहिले स्मरणपत्र वडिलांच्या नावे आले. "आपली हरवलेली मुलगी अद्याप सापडलेली नाही. शोध सुरू ठेवावा किंवा कसे, ते कळवावे." पाकीट हरवलेल्या मुलीनेच फोडले. अर्जदार स्वतः ग्रंथालयातून न परतलेल्या पुस्तकांची स्मरणपत्रे पाठवते. त्यामुळे पत्राची भाषा तिला आवडली. तिसरे पत्र आल्यावर मात्र तिने दूरध्वनी केला. आपल्या कार्यालयातील लिपिक बाई सौजन्याने बोलल्या.

"आपण कोण?"

"ती मुलगी."

"हरवलेली?"

"हो."

"मग सापडलात की!"

"तेच सांगायला फोन केलाय."

"असं नाही चालत, ताई. ज्यांनी शोधायला सांगितलं, त्यांनी 'सापडली' म्हणायला हवं. हरवलेल्या माणसाच्या शब्दावर नोंद कशी मिटवणार? वडिलांना द्या फोन."

"ते वारले."

"अरेरे." मग बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज. "मग आता तुम्हाला शोधतंय कोण?"

 अर्जदाराने लेखी कळवते असे सांगून फोन ठेवला.

९. त्यानंतर तिने दोन अर्ज केले. आपण सापडलेल्या आहोत याच्या पुष्ट्यर्थ तिने ग्रंथालयाचा हजेरीचा उतारा, दातांच्या डॉक्टरांचा दाखला ("सदर दाढ मी प्रत्यक्ष पाहिली आहे") आणि वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचे पत्र ("रोज दिसतात, पण बोलत नाहीत") जोडले. आपल्या कार्यालयाने हे सर्व बारकाईने तपासून गेल्या महिन्यात अर्जदार सापडल्याचे मान्य केले, तिचे अभिनंदन केले आणि वडिलांची नोंदही तिने तक्रारदार म्हणून मिटवावी असे सुचवले. अर्जदाराने त्याप्रमाणे पुन्हा दूरध्वनी केला. "सापडले होते, त्याच दिवशी, बसच्या पायरीवर," असे सांगितले. ते खरेच होते.

"झालं, ताई. नोंद मिटली. तुमचं रेकॉर्डिंगही गेलं."

"कसलं रेकॉर्डिंग?"

"माईकवर बोललात ना तुम्ही, ते. माणूस सापडलं की पुसून टाकतो. जागा अडते."

अर्जदाराने विचारले की, वडील बोलले त्याचे काय.

"ते आहे अजून. पंधरा तारखेला जाईल, तुमची नोंद मिटली की. चांगलं चार मिनिटांचं आहे. तीस सेकंद म्हणून बजावलं होतं, पण ऐकतात कुठे! जीवरक्षक माईक काढून घ्यायला गेला, तर म्हणाले, थांब, माप पूर्ण भरू दे. त्यांच्या मागे रांगेत उभ्या एकाचं पोर हरवलं होतं. ते सापडलं, तरी बाप तिथेच ऐकत उभा."

"मला ऐकवाल?"

"ऐकवलं असतं हो. पण ते फक्त हरवलेल्या व्यक्तीलाच ऐकवता येतं. तुम्ही तर आता सापडलात. पत्र मिळालं ना?"

१०. सबब अर्जदार आपले यापूर्वीचे दोन्ही अर्ज बिनशर्त मागे घेत आहे. त्यांत नमूद केलेली वस्तुस्थिती तिने घाईने व अपुऱ्या माहितीवर लिहिली होती. दातांच्या डॉक्टरांनी फक्त दाढ पाहिली, अर्जदारास नव्हे. हजेरीपटावर सही आहे हे खरे; परंतु त्या सहीच्या दिवशी तिने कविता विभागात पशुवैद्यकाची अकरा पुस्तके लावली व ती आजही तिथे आहेत. गेल्या तीन महिन्यांत ती चार वेळा चुकीच्या थांब्यावर उतरली. एकदा घराची किल्ली फ्रीजमध्ये आणि लोणी दाराच्या खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत सापडले. एके दुपारी ती एक मजला आधीच थांबून खालच्या बिऱ्हाडात शिरली, चपला काढल्या, सोफ्यावर बसली व "बाबा, चहा टाकू का?" असे आतल्या दिशेने विचारले. खालच्या काकूंनी चहा दिला. त्यांचा दाखला सोबत आहे. त्यात त्यांनी "बाई शुद्धीवर होत्या, पण ठिकाणावर नव्हत्या" असे मोजक्या शब्दांत लिहिले आहे. यापेक्षा नेमका पुरावा अर्जदारास देता येणार नाही.

११. कायद्याच्या बाजूनेही पाहता, वडिलांचा पुकारा अर्जदारासाठी होता. तो तिच्यापर्यंत पोचलेला नाही. जे पोचलेच नाही ते पुसता येते काय, याचा विचार व्हावा. सदर चार मिनिटे त्या काळात किनाऱ्यावर असलेल्या हजारो पर्यटकांनी, छत्रीवाल्या बाईंनी, तेल चोपडलेल्या गृहस्थांनी आणि कोणा अनोळखी मुलाच्या बापाने ऐकली आहेत. ज्या एका व्यक्तीने ऐकायची, तिनेच ऐकलेली नाहीत. त्यांत काय असेल याचा अर्जदारास अंदाज नाही. कदाचित सगळी चार मिनिटे सावलीबद्दलच असतील. तसे असले तरी तिला ती हवी आहेत.

१२. तरी नम्र विनंती की, (अ) येत्या पंधरा तारखेचे पुसणे थांबवावे. (आ) अर्जदारास हरवलेली समजून तिला वडिलांचा पुकारा एकदा, आणि जमल्यास दुसऱ्यांदा, ऐकवावा. (इ) आपल्याच नियमाप्रमाणे हरवलेल्या व्यक्तीने द्यावयाचा प्रतिसाद अर्जदाराकडून राहून गेला आहे, तो देण्यासाठी तिला दक्षिण मनोऱ्यावर तीस सेकंद मिळावेत. वेळ आपल्या सोयीची चालेल. गर्दीची असली तरी तिची हरकत नाही. त्यानंतर आपण तिला सापडलेली ठरवलेत तर ती त्याविरुद्ध अर्ज करणार नाही, असे येथे लिहून देत आहे.

आपल्या नोंदवहीतील निर्णयाच्या प्रतीक्षेत,
तूर्त हरवलेली,
(सही)
अर्जदार
दिनांक: दोन मार्च

सोबत:
१) आपल्या तिन्ही स्मरणपत्रांच्या प्रती.
२) वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
३) खालच्या मजल्यावरील काकूंचा दाखला.
४) प्रतिसादाचा मजकूर मोठ्याने वाचून पाहिल्याचा दाखला, आपल्या नमुन्यात.

सोबतचा कागद क्रमांक चार

ध्वनिक्षेपकावर बोलावयाचा मजकूर: "बाबा, मी आले आहे. काळजी करू नका."

साक्षीदार: अर्जदाराची आत्या (वडिलांची थोरली बहीण), वय ऐंशी. घड्याळ आत्याचे.

प्रत्यक्ष वाचन: अर्जदाराच्या स्वयंपाकघरात, सकाळी साडेदहा वाजता, उभे राहून.

पहिल्या वेळी चार सेकंद लागले. "एवढंच? त्या पोरानं चार मिनिटं घसा फोडला आणि तू चार सेकंदांत उरकतेस?" असे साक्षीदाराने विचारले. "तीस सेकंद आहेत ना तुझे? मग वापर की. मी घड्याळ धरून किती वेळ बसू?"

दुसऱ्या वेळी अर्जदार मंजुरीसाठी दिलेल्या मजकुराबाहेर बोलली. हे नियमात बसत नसल्यास तेवढा भाग वगळावा. साक्षीदाराने पुढे घड्याळ पाहिले नाही, त्यामुळे लागलेला वेळ नमूद करता येत नाही. बोललेले शब्द पुढीलप्रमाणे:

"बाबा, आई गेल्यावर तुम्हाला मी माझ्याकडे आणलं, तेव्हा सगळ्यांना सांगितलं की तुम्हाला एकटं राहणं जमणार नाही. तुम्हालाही तेच सांगितलं. तुम्ही एका शब्दानं वाद घातला नाहीत, आपलं घर आवरून आलात. बाबा, तुम्हाला जमलं असतं. जमत नव्हतं ते मला."